हापशाच्या पाण्याचं उत्तर

आमच्या संस्थेच्या संचालकांनी पारनेर तालुक्यातल्या एका शाळेच्या मुलांना फसवलं, आणि ते माझ्या तोंडून.

पाणी तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुलांनी स्वतः विज्ञान करावं म्हणून प्रयोगशाळा सोडली आणि परदेशी मदतीवर चालणाऱ्या या शिक्षणसंस्थेत आलो. संचालकांना अहवालासाठी गावातल्या पाण्याचे नमुने हवे होते. मी अट घातली: नमुने मुलं गोळा करतील, पण निकाल आधी गावाला कळेल. बराच वेळ भांडलो. शेवटी ते हसून म्हणाले, "डॉक्टर, शब्द दिला." भिंगारच्या बाजारात भाजीच्या पाटीमागे वाढलेला मी, गोड बोलण्यावर कुणाला एक जुडी सोडली नसती. इथे लेखीसुद्धा घेतलं नाही.

मुलांनी विहिरी, हापसे फिरून बाटल्या भरल्या. मी वर्गात सांगितलं, "पाणी पिण्यासारखं आहे की नाही, ते सगळ्यांत आधी तुम्हाला कळेल."

पावसाळा गेला, थंडी गेली. मग मोबाईलवर एका परदेशी परिषदेचे फोटो आले. पडद्यावर आमचीच मुलं, शेजारी रंगीत आलेख. कोणता हापसा लाल, म्हणजे पिण्यास अयोग्य, ते वाचता येईना. फोन केला. "अहवाल छापून येईपर्यंत गावात काही बोलू नका, गैरसमज पसरतात," संचालक म्हणाले. मी ओरडलो. त्यांनी फोन ठेवला.

पुढच्या खेपेला गावात गेलो, तेव्हा शाळेजवळच्या हापशावर एका विद्यार्थिनीची आई हंडा भरत होती.

"सर, आमचं पानी इमानानं फिरून आलं म्हनं. उत्तर तेवढं पायी येतंय व्हय?"

बाकीच्या बायका हसल्या.

"येईल," मी म्हणालो.

"कवा? पोरगी रोज इचारती. तुमीच सांगा, हंडा घरी नेऊ का ओतून देऊ?"

जुन्या प्रयोगशाळेत हे मी दुपारपर्यंत सांगितलं असतं. इथे हापशापाशी माझी नजर हंड्यावरून वर उठेना. "सध्या दुसरीकडून आणा," एवढंच बोललो.

"दुसरीकडून म्हंजी कुठून?" ती म्हणाली आणि पुन्हा हापसू लागली.

त्याच हापशाची बाटली भरून मी सरकारी प्रयोगशाळेत दिली आहे. निकाल येईल तो मीच गावात सांगेन, नोकरी राहो न राहो. पण मधल्या महिन्यांत मुलं जे पाणी प्यायली, त्याचं काय? संचालकसाहेबांनी त्या हापशापाशी यावं, त्या आईसमोर उभं राहावं आणि सांगावं: परदेशात दाखवलं, ते हिच्यापासून का लपवलं?