भिंगूची वाइन

माझी नणंद चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसते. पुढे लोक आरशात बघून फ्रेमा लावतात, काढतात, मागे ही बाई मशीनवर काचा घासून त्या फ्रेमांत बसवते. वीस वर्षं हेच काम, म्हणून घरात सगळे तिला भिंगू म्हणतात. माझ्या नवऱ्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न केलं नाही, दोन गल्ल्या सोडून एकटी राहते, आणि चाळिशी उलटली तरी व्हिडिओ गेम खेळते.

एवढ्यावर मी गप्प बसले असते. पण तिचा कॉम्प्युटरही जगावेगळा. कॉम्प्युटर चालवणारी जी सिस्टीम सगळ्यांकडे असते ती तिच्याकडे नाही, तिच्याकडे लिनक्स. ते फुकट मिळतं, पण बाजारातले कितीतरी गेम त्याच्यासाठी बनवलेलेच नसतात. त्यामुळे एक गेम विकत घ्यायचा तर ही आठवडाभर कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांना विचारत बसणार, "तुमच्याकडे चालतो का?" मी लग्नाआधी नवऱ्याची एवढी चौकशी केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं, ते सोडा.

तिची एक वही होती. तीन रकाने: गेमचं नाव, चालतो की नाही, आणि कारण. कारणाचा रकाना ती रिकामा सोडायची नाही. एखादा गेम का चालत नाही हे कळेपर्यंत चार-चार दिवस डोकं खाजवेल, पण पान उलटणार नाही.

"अगं, सगळ्यांचं असतं ते टाकून घे ना एकदाचं," मी म्हणायचे.

"नको गं वहिनी. दुसऱ्याच्या घरी पाहुणी म्हणून राहिल्यासारखं वाटतं. इथं मी मालकीण आहे."

माझी लेक टिकली तेव्हा नऊ वर्षांची. मी दाताच्या डॉक्टरांकडे काउंटरला, संध्याकाळी सहापर्यंत. भिंगू दुकानातून तीनला सुटायची, म्हणून टिकली शाळेतून थेट आत्याकडे जायची. दोघींनी मिळून एका गेममध्ये बेट वसवलं होतं. टिकलीची बिस्किटांची फॅक्टरी, आत्याचं दीपगृह, बदकांसाठी वेगळा रस्ता. घरी आल्यावर जेवताना मला त्या बदकांच्या तब्येती ऐकाव्या लागत.

एक दिवस डॉक्टर लवकर गेले आणि मी चारलाच टिकलीला आणायला पोचले. दार उघडंच होतं. टिकली बाल्कनीत चित्र काढत होती. भिंगू पाठमोरी, फोनवर कुणाशी तरी बोलत होती.

"छे हो, वाइनशिवाय माझं पान हलत नाही... रोज, रोज! दुकानातून आले की आधी वाइन... नाही, जुनीच बरी होती. नवीन घेतली आणि परवा दोनदा आडवी!... टिकली? तिलाही दिली की! कालपासून तीसुद्धा वाइनवरच आहे. एकदम खूश!"

खरं सांगते, दाराची कडी धरून उभी राहिले. नऊ वर्षांच्या पोरीला! मी आत गेले, टिकलीचं दप्तर उचललं, "डोकं दुखतंय" म्हटलं आणि तिला ओढत घरी आणलं. वाटेत तिच्या तोंडाचा वास घेतला. चिंचेच्या गोळीचा आला. मला तेवढ्यानं धीर यायला हवा होता, पण माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. भिंगूचे डोळे नेहमी लाल असतात. हात थरथरतात. वीस वर्षं मशीनवर काचा घासणाऱ्या बाईचे हात थरथरणारच, हे मला तेव्हा सुचलं नाही.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो मटकन खालीच बसला. "माझी बहीण?" एवढंच तीनदा म्हणाला. दोन दिवसांनी नळ दुरुस्त करायच्या निमित्तानं जाऊन त्यानं तिच्या स्वयंपाकघरातली कपाटं तपासली. काही सापडलं नाही. "लपवतेय, म्हणजे प्रकरण पुढे गेलंय," असं म्हणत परत आला. आमच्या घरात अक्कल अशी वाटून दिलेली आहे.

तिला विचारायचं का? छे! असलं कसं विचारणार, घरातली गोष्ट. टिकलीसमोर तर विषयच काढायचा नाही, असं ठरलं. टिकलीला शेजारच्या मावशींकडे ठेवायला लागलो. भिंगूला सांगितलं, नाचाचा क्लास आहे. मग गणिताचा. मग परीक्षा. एकदा ती स्वतःच आली, खास टिकलीसाठी घेतलेला खेळायचा दुसरा रिमोट घेऊन. मी दारातच म्हटलं, टिकली झोपलीय. आतून टिकलीच्या गाण्याचा आवाज येत होता. भिंगूनं तो ऐकला. मी तिचं तोंड बघितलं आणि तरी दारातून हलले नाही.

"माझं काही चुकलं का, वहिनी?"

"छे गं," मी म्हटलं.

असे सात महिने गेले.

मग एका सकाळी दवाखान्यातला कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाला आला, त्यानं खोललं, फुंकर मारली, आणि डॉक्टरांना म्हणाला, "जुनं मशीन आहे. लिनक्स टाकून देतो. तुमचा एक्स-रेचा प्रोग्राम वाइनवर चालवू."

माझ्या हातातलं अपॉइंटमेंटचं रजिस्टर खाली पडलं.

"कशावर?"

"वाइन. प्रोग्रामचं नाव आहे, ताई. दुसऱ्या सिस्टीमसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचं असेल तर ती लागते. गेमवाले तर तिच्याशिवाय..." तो पुढे बरंच बोलला. मला फक्त पंख्याचा आवाज येत होता. आडवी झाली होती ती वाइन. खूश झाली होती ती टिकली, कारण तिला हवा असलेला गेम एकदाचा चालला होता. सात महिने मी एका बाईला दारुडी ठरवून बसले होते, आणि ती सकाळी चहासुद्धा अर्धा कप घ्यायची.

मी डॉक्टरांना न विचारता बाहेर पडले. भिंगूच्या सुट्टीचा वार होता. वाटेत ठरवलं, पाय धरायचे. मग वाटलं, ती हसेल, पोट धरून हसेल, वर्षानुवर्षं मला चिडवेल. चिडवू दे.

दार उघडताच तिचा चेहरा फुलला. मला तोंडही उघडू दिलं नाही, हात धरून आत नेलं. "बरं झालं आलीस. आज मीच येणार होते तुझ्याकडे. बघ!"

कॉम्प्युटर सुरू होता. त्यावर माझ्या दवाखान्यात, टिकलीच्या शाळेत, साऱ्या जगात दिसतं तेच दिसत होतं.

"काढून टाकलं लिनक्स," भिंगू म्हणाली. "मला वाटलं, माझ्याकडे गेम अडखळतात, म्हणून कंटाळली असेल टिकली. लहान मुलं ती, किती दिवस दम धरतील? आता सगळं चालतं, वहिनी. कुठलाही गेम. आता पाठवशील ना तिला?"

"आणि बेट?" मी विचारलं.

"सगळं पुसावं लागलं गं. ठेवता आलं असतं काढून, पण बघायला कोण येणार होतं?"

मी खुर्चीत बसले आणि सगळं सांगितलं. फोन, वाइन, कपाटं, टिकलीच्या तोंडाचा वास. सांगताना रडत होते, आणि मधेच वेड्यासारखं हसूही येत होतं. भिंगू हसली नाही. रडलीही नाही. दारुडी म्हटल्याचाही तिला राग आला नाही बहुतेक.

"सात महिने," ती म्हणाली. "एकदा विचारायचं ना, वहिनी."

मग तिनं खणातून वही काढली, शेवटचं लिहिलेलं पान उघडून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पहिल्या रकान्यात होतं, टिकली. दुसऱ्यात, येत नाही. तिसरा रकाना कोरा. त्यापुढे वहीत एक अक्षर नव्हतं.

तिनं पेन घेतलं. कोऱ्या रकान्यात तिनं सावकाश, नीट अक्षरात लिहिलं, "वहिनीनं विचारलं नाही," आणि पान उलटलं.