मार्तंड सरांच्या वर्गातलं भांडण

वाटूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मार्तंड सर म्हणजे वेडा माणूस, यावर सगळ्या स्टाफरूमचं एकमत होतं. अहो, पोरांना भांडायला लावणारा मास्तर कुठं पाहिलाय? सर प्रश्न टाकायचे : ट्रक आणि मोटरसायकल समोरासमोर धडकले, कुणी कुणाला जास्त जोरानं ढकललं? शेजाऱ्याला दिसू नये म्हणून बोटं छातीशी धरून उत्तर द्यायचं. ट्रकनं, असं म्हणायचं असेल तर एक बोट, मोटरसायकलनं तर दोन, दोघांनी सारखंच तर तीन. मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा बोटं दाखवायची. स्वतःचं डोकं चालवल्याशिवाय फिजिक्स येत नाही, हा सरांचा हेका.

पण वाद घालणार कोण? पोरं नुसती गालात हसायची. "सर, तुम्हीच सांगून टाका ना." वर्षानुवर्षं हेच. एक तरी पोर खरंखुरं भांडावं, एवढीच आस उरली होती माणसाला, आणि रिटायरमेंट तर उन्हाळ्यावर आलेली.

त्यात तपासणी समिती आली, ती थेट सरांच्याच वर्गात. सरांनी हिय्या करून प्रश्न टाकला, बोटं छातीशी गेली, आणि काय सांगावं! घरची मेंढरं सोडून कॉलेजला येणारा परमेश्वर ताडकन उठला.

"ट्रकच जास्त ढकलणार! मोटरसायकलचा चुराडा होतो, दिसून न्हाई राह्यलं का?"

"चुराडा होतो ती हलकी हाय म्हणून," रेणू कडाडली. "जोर दोघांचा बराबर!"

वर्ग पेटला. समितीनं टाळ्या वाजवल्या. सरांचे डोळे भरून आले. जन्माचं सार्थक झालं, दुसरं काय!

समिती गेल्यावर सरांना राहवेना. "आता ट्रक उभाच आहे, आणि मोटरसायकल येऊन त्याला धडकली. मग?"

एकाचंही बोट छातीशी गेलं नाही.

"बोल की रे, परमेश्वर!"

परमेश्वर अंग चोरून उभा राहिला. "सर, ह्याच्यात चुकीचं कुणी बोलायचं, ते ठरलंच न्हाई."

"आम्ही पाठ करून आल्तो, सर," रेणू पुटपुटली. "तुमची इज्जत जाऊ नये म्हणून."

इतक्या मायेनं केलेलं. रागवावं तरी कुणावर? सरांना रडू कोसळायचंच बाकी राहिलं.

"याच्यातही दोघांचा जोर सारखाच," ते म्हणाले.

पोरांचा जीव भांड्यात पडला. भराभर वह्या उघडून सगळ्यांनी लिहून घेतलं. का, म्हणून कुणीही विचारलं नाही.