एक्कावन्न किलोंचा यंकोबण्णा

यंकोबण्णा इडली खात नसे. आधी तिचा गळा आवळत असे. वाफाळती इडली तो मुठीत धरायचा, बोटांची पेरे पांढरी पडेपर्यंत दाबायचा, आणि मूठ उघडली की तळहातावर एक चिवट, करडा गोळा उरायचा. त्यातला अर्धा तो चावून थुंकून टाकी, अर्धा गिळी. रुग्णालयाच्या उपाहारगृहात मी त्याला प्रथम पाहिले तेव्हा त्याचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता आणि उजव्या हाताने हा वध चालला होता.

“हिच्यात पाणी असतंय मेडम,” मी बघते आहे हे लक्षात येताच तो म्हणाला. “पाणी म्हंजे वजन. वजन म्हंजे शत्रू. शत्रूला कोण पोटात घेतंय?”

तो घोड्यांच्या शर्यतीतला जॉकी; मी त्या रुग्णालयातली आहारतज्ज्ञ. सरावात पडून त्याचे गळ्याजवळचे हाड मोडले होते, आणि तीन वर्षांतले हे चौथे हाड होते. अडतिशीतल्या त्या माणसाच्या हाडांचे चित्र सत्तरीच्या बाईचे वाटावे इतके विरळ होते, म्हणून डॉक्टरांनी त्याला माझ्याकडे धाडले होते. मी लिहून दिलेला आहाराचा तक्ता त्याने शांतपणे वाचला, त्याची घडी घातली, ती तोंडात कोंबली आणि चावू लागला.

“हा चालेल,” घास गालात फिरवत तो म्हणाला. “ह्यात पाणी नाही.”

त्याचे घर म्हैसूरच्या बन्नीमंटपाजवळच्या एका गल्लीत होते. पूर्वज राजाच्या घोडदळात शिलेदार म्हणून आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी उंबरा ओलांडताना कन्नडचा हात धरूनच ओलांडी. माझ्या बोलण्याची त्याला गंमत वाटे. “तुमची मराठी इस्त्री केलेली, अक्का. आमची अंगावर मळलेली.” मी ‘मेडम’ची ‘अक्का’ केव्हा झाले ते मला आठवत नाही, बहुधा चावलेला तक्ता मी न रागावता पुन्हा लिहायला घेतला तेव्हा.

गल्लीतले लोक त्याच्या रागाचे श्रेय त्या घोडदळाला देत. सिपायाचे रक्त, ते तापणारच. म्हैसुरात कोणीही भेटले की पहिला प्रश्न कन्नडमधून येतो: “ऊट आयता?” जेवण झाले का? यंकोबण्णा दिवसातून वीस वेळा “आयतु”, झाले, असे खोटे सांगे आणि एकविसाव्या वेळी त्याचा हात सुटे. कोपऱ्यावरच्या पानवाल्याने मायेने दोनदा विचारले, तेव्हा त्याने त्याची काचेची बरणी उचलून त्याच्याच पायाशी फोडली होती. त्याची बायको गिरिजा हिच्या डाव्या मनगटावर पितळी तांब्याचा काठ रुतून झालेला वण होता. तिने तो मला दाखवला नाही, लपवलाही नाही. चहाचा पेला पुढे करताना तो दिसला, इतकेच.

“एवढा छळ कोणासाठी?” हाड जुळून झोळी सुटली, तेव्हा मी एकदा त्याला विचारले.

“उद्या पाच वाजता तबेल्यात या. दाखवतो.”

पहाटेच्या उजेडात चामुंडीचा डोंगर ओल्या घोंगडीसारखा पडला होता. गवत, लीद आणि घामेजल्या चामड्याचा वास इतका दाट होता की तो जिभेवर बसत होता. तिथे त्याने मला तुंगा दाखवली: तांबूस, लांब मानेची, कान सतत कातरीसारखे चालवणारी घोडी. शिंगरू असताना तिने त्याच्या दोन फासळ्या मोडल्या होत्या. तीन वर्षे रोज पहाटे तो तिला फिरवी, दौडवी. शर्यतीच्या दिवशी मात्र मालक तिच्यावर दुसऱ्याला बसवी, कारण यंकोबण्णाचे वजन बसत नसे. या मोसमातल्या मोठ्या शर्यतीत तिच्यावर आपण बसायचे, एवढीच त्याची मागणी होती. आयुष्याकडे त्याने दुसरे काही मागितल्याचे मी ऐकले नाही.

त्याच सकाळी एका मोतद्दाराने दौडून आलेल्या तुंगेपुढे गार पाण्याची बादली ठेवली. यंकोबण्णाची मूठ मी पाहिली नाही, फक्त आवाज ऐकला, ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. मोतद्दार खाली बसला. त्याच्या ओंजळीत रक्त होते आणि रक्तात एक दात. यंकोबण्णा बादली लाथाडून त्याच्या अंगावर ओरडत होता: अंग तापलेले असताना पोटभर पाणी देतात का, आधी चालवायची, मग घोट घोट कोमट, मिठाचे, हुलगे भिजवून, मोजून, दौडीच्या आधी नव्हे, नंतर, उपाशी जनावर पळवले तर ते स्वतःचेच मांस खाते, हे तुझ्या बापाने शिकवले नाही का.

मी हे सगळे ऐकत होते. पाच वर्षांच्या शिक्षणात मला जे शिकवले गेले, ते तो माणूस एका रक्ताळलेल्या तोंडासमोर उभा राहून बिनचूक म्हणून दाखवत होता.

“यंकोबण्णा, तुंगेला उपाशी पळवाल?”

“त्या दिवशी हा चाबूक माझ्याच पाठीवर फोडीन.”

“मग तिच्या पाठीवर जे जनावर बसतं, त्याला का?”

त्याने मोतद्दाराला हाताला धरून उठवले, आपल्या पंच्याने त्याचे तोंड पुसले आणि त्याचा दात शोधू लागला, जणू तो परत बसवता येणार होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “लिहा. घोडीचा तक्ता मला लावा.”

शर्यतीत प्रत्येक घोड्याने पाठीवर किती वजन वाहायचे ते ठरवून देतात; तुंगेला चौपन्न किलो मिळतील असा अंदाज होता. यंकोबण्णा खोगिरासकट सत्तावन्न भरत होता. सहा आठवडे हाती होते. पहाटे दौडीआधी केळे. दौडीनंतर दही, अंडी. दुपारी नाचणीचा मुद्दा, म्हणजे शिजवलेल्या पिठाचा गोळा, आणि हुलग्यांचे सार. रात्री मोजका भात. दिवसभर पाणी, घोट घोट. काट्यावर तासातासाला उभे राहायचे नाही, आठवड्यातून एकदाच. पहिल्या जेवणानंतर तो भिंतीवर डोके आपटत ओकला. चौथ्या दिवशी मुद्दा पोटात राहिला. “मुद्द्याला दाबायचं नसतंय अक्का, सुम्मने, नुसतं गिळायचं,” तो नवल वाटून म्हणाला. “चाळीस वर्षं आमच्या घरात होता, ओळख नव्हती.”

वजन हळूहळू चौपन्नापर्यंत उतरत गेले, आणि वजनाबरोबर आणखी काहीतरी उतरले. तो झोपू लागला. पानवाल्याला त्याने नवी बरणी नेऊन दिली, आणि आत भरायला खडीसाखरही. गिरिजा एकदा बाजारात भेटली, तेव्हा पिशवी छातीशी धरून हळू आवाजात म्हणाली, “अक्का, पाच आठवडे झाले. घरात एक भांडं आपटलं नाही. काल मला विचारत होता, तू जेवलीस का म्हणून.” गल्ली ज्याला सिपायाचे रक्त म्हणत होती, त्या रक्तात इतकी वर्षे फक्त साखर कमी होती. मनगटावरचा वण तेवढ्याने पुसला जात नाही, हे तिलाही माहीत होते, मलाही.

एक दिवस त्याने विचारले, पहिल्या आठवड्यात काटा इतका भरभर कसा खाली आला. मी समजावले, की भाताची साखर स्नायूंत साठते आणि साठताना आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते. भात कमी झाला की पाणी सुटते. ते चरबी जाणे नव्हे, ती नुसती ओल. घोडीच्या खोकल्याकडे तो कान द्यायचा तसा त्याने माझ्या या वाक्याकडे कान दिला.

शर्यतीच्या चार दिवस आधी वजने जाहीर झाली. तुंगेला चौपन्न नव्हे, एक्कावन्न किलो लागले होते. मालक म्हणाला, जमत नसेल तर बंगळूरहून दुसरा आणतो. मी यंकोबण्णाला सांगितले, चार दिवसांत तीन किलो उतरवता येत नाहीत, फक्त फाडून काढता येतात, सोडून द्या. त्याने मान डोलावली. “आयतु अक्का,” म्हणाला.

शर्यतीच्या आदल्या दुपारी गिरिजाचा फोन आला. तिच्या भावाची पिरियापट्टणला तंबाखूची शेती होती, आणि ते दिवस पाने भाजण्याचे होते. यंकोबण्णा घाम गाळायला तिथल्या भट्टीत शिरला होता. मी गाडी काढली, तिला घेतले. शेताच्या मध्यभागी ती उंच, बिनखिडकीची विटांची खोली उभी होती. दार ओढताच आतला श्वास तोंडावर आला: गोड, मधासारखा, आणि त्या गोडव्याच्या तळाशी विषाची कडू धार. काठ्यांवर बांधलेली हजारो हिरवी पाने छतापासून लोंबत पिवळी होत होती. त्यांच्याखाली, दोन पावसाळी कोट अंगात घालून, गुडघे पोटाशी घेतलेला यंकोबण्णा. घामाच्या अंगाला ओली पाने लागली की तंबाखू कातडीतून आत जाते. तो थरथरत होता, लाळ गळत होती, डोळ्यांची बुबुळे टाचणीएवढी झाली होती.

आम्ही दोघींनी त्याला पायांना धरून ओढले. त्याचे कोपर माझ्या ओठावर बसले आणि तोंडात रक्ताची खारट चव आली. बाहेर मातीवर पडून तो हिरवे ओकला. मी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्याने दात आवळले. मी जबडा उघडायचा प्रयत्न केला, त्याने माझे बोट चावले. गिरिजाने त्याच्या थोबाडीत मारली, एकदा, मग पुन्हा, मग मोजणे थांबावे इतक्या वेळा. तो मार खात राहिला. तिच्यावर हात उचलला नाही.

“तीन दिवस भात सोडला,” शेवटी तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “पाणी सुटलं, तुम्ही सांगितलं तसंच. राहिलं ते इथं सोडलं. अक्का, तिच्या पायांवर मी तीन किलो जास्त ठेवू? ती मोठी का माझा जीव मोठा, सांगा.”

मी डॉक्टरांकडे चला म्हणाले, तो तयार होईना; तुंगेच्या ट्रेनरला फोन करते म्हणाले. ट्रेनरने फोन उचलला, ऐकून घेतले आणि म्हणाला, काट्यावर बसला तर बसला.

दुसऱ्या दिवशी तो बसला. एक्कावन्न.

मी कठड्यापाशी उभी होते. खुरांचा आवाज आधी पायांना लागला, मग कानांना. शेवटच्या वळणावर तुंगा तिसरी होती. यंकोबण्णाने चाबूक उचलला नाही. तो तिच्या मानेवर ओणवा झाला होता, आणि तो तिला पळवतो आहे की तिला धरून लोंबतो आहे, हे कोणाला सांगता आले नसते. तुंगा जिंकली. लोक टोप्या उडवत होते. शर्यतीनंतर जॉकीने खोगिरासकट पुन्हा वजन द्यायचे असते. ते झाल्याशिवाय जिंकणे धरत नाहीत. तो उतरला, खोगीर छातीशी घेऊन, गुडघे न वाकवता, एकेक पाऊल मोजत काट्यापर्यंत गेला. बसला. अधिकाऱ्याने आकडा वाचून मान हलवली. त्यानंतर तो जो पुढे कोसळला, तो हातातले खोगीर न सोडता. कपाळ लोखंडी कडेवर आपटले, आणि त्या जखमेतून रक्त आले तेही थोडेसे, दाट, काकवीसारखे.

तिसऱ्या दिवशी तो गेला. आधी मूत्रपिंडे थांबली, मग हृदय.

स्नायूंतल्या पाण्याचे ते वाक्य मी त्यानंतर कोणाही जॉकीला, कोणाही पैलवानाला सांगितलेले नाही. वाक्य खरे आहे. भुकेल्या माणसाच्या हाती खरे वाक्य कसे द्यावे, हे मला पुस्तकांनी शिकवले नव्हते.

तेराव्यानंतर मी बन्नीमंटपाला गेले. गिरिजा दाराच्या पायरीवर बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, “ते पाण्याचं मी बोलायला नको होतं.”

“ते सोडा,” ती म्हणाली. “तुम्ही नसतं सांगितलं तर दुसरं काही करून मेला असता. माझा राग वेगळा आहे.”

रस्त्यावरून एक बस गेली. ती पायरीवर सरकून माझ्याकडे वळली.

“चौदा वर्षं मी त्याचं मरण मनात बघत आले, अक्का. घोड्याखाली, गाडीखाली, कसंही. दरवेळी माझे डोळे कोरडे राहायचे. तयारी झाली होती माझी. मग तुम्ही त्याला सहा आठवडे जेवायला घातलंत.” तिने पदर तोंडाशी नेला, पुन्हा खाली ठेवला. “त्या आधीच्या उपाशी माणसासाठी मी एक टिपूस काढला नसता. हा जेवलेला माणूस कोण होता, तेवढं सांगा. त्याची माझी आत्ता कुठे ओळख होत होती.”