खाडीतली तांबोशी

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यामुळे सोलापुरात प्राणिशास्त्र शिकून झाल्यावर मला कोकणात माशांवरचं काम मिळालं, तेव्हा अव्वा बरेच दिवस माझ्याशी धड बोलली नाही. अव्वा म्हणजे माझी आई. घरात कानडी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, असं आमचं चालतं. रागावली की मात्र ती घरातही मराठीत बोलते, आणि माशांबद्दल तर तेव्हापासून मराठीतच. समुद्रात बुडशील, एकटी कशी राहशील, यातलं तिनं काही काढलं नाही. तिचा प्रश्न एकच होता.

"खायचं न्हाय, इकायचं न्हाय, मग धरता कशाला त्यास्नी?"

"मोजायला. मोजून परत सोडतो."

"मग न धरलेलंच बरं की."

पहिल्या सुट्टीला घरी आले तेव्हा तिनं माझी बॅग मागच्या न्हाणीपाशीच ठेवायला लावली. अंघोळ करून आले, तर ही बॅगेशेजारी पाटावर बसलेली. हातात पिवळे टॅग. मी दाखवायला म्हणून आणलेले, जाड दोऱ्याएवढे, प्लॅस्टिकचे, प्रत्येकावर बारीक नंबर.

"हे त्येंच्या अंगात खुपसता? दुखत न्हाय?"

"दुखत असेल थोडं. कान टोचताना मला दुखलं होतं तेवढं."

"लई रडली होतीस तू." ती टॅग बोटावर गुंडाळत राहिली. मग मी सगळं सांगितलं. पिंजऱ्यात आलेला मासा मोजायचा, पाठीच्या पराजवळ टॅग बसवायचा आणि जिथं धरला तिथंच सोडायचा. पुन्हा कधी हाती लागला तर नंबरावरून कळतं, तो किती वाढला आणि कुठून कुठं गेला.

"आन् घावलाच न्हाय तर?"

"मग काहीच कळत नाही."

"मेला का जिता, ते बी न्हाय?"

"ते बी न्हाय."

तिनं टॅग जपून परत पिशवीत घातले.

बाबा गेल्यावर ती एकटीच राहत होती. फोनवर तिच्याकडे सांगण्यासारखं थोडंच असायचं, आणि माझ्याकडचं सांगावं तर सगळं माशांचं. एका सकाळी मी खाडीत होडीवर असतानाच तिचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन तसाच टबाकडे वळवला. टबात एक तांबोशी होती, तळहाताएवढी, अंगावर तांबूस झाक.

"अगं, डोळे बघ की तिचे," अव्वा म्हणाली. "लवकर सोड तिला."

तिच्यादेखतच मी टॅग बसवला आणि मासळी पाण्यात सोडली. त्या दिवसापासून प्रत्येक फोनला पहिला प्रश्न ठरलेला, आपली तांबोशी दिसली का? माझी नाही, आपली.

बाकीच्या माशांचं हळूहळू कळत होतं. समुद्रात थोडं आत प्रवाळाचे खडक आहेत. तिथले ठिपकेवाले हेकरू मासे त्याच कपारीपाशी पुन्हा पुन्हा सापडत. त्यातले लहान झपाट्याने वाढलेले असत, आणि मोठे, थोराड हेकरू वर्षभरात नखाएवढेही लांबलेले नसत. हे सांगितल्यावर अव्वा खूश झाली. "म्हातारपणी कशाला वाढंल ते? बसलंय आपल्या जाग्यावर." पण खाडीतली तांबोशी काही पिंजऱ्यात आली नाही. पावसाळा गेला, पुढचा पावसाळाही गेला.

"टॅग गळून पडला असेल," मी सांगितलं. "नाहीतर मोठ्या माशानं खाल्ली असेल. पिंजऱ्यात शिरत नसेल. किंवा दुसरीकडे गेली असेल."

"असलं चार परकारचं सांगू नगं. एक सांग."

एक सांगणं मला शक्य नव्हतं. तिनं जेवलीस का विचारलं.

त्या दिवाळीनंतर ती स्वतःच आली. एसटीतून उतरली ती दोन पिशव्या घेऊन, एकीत कपडे आणि दुसरीत कडक भाकरी, शेंगाचटणी. जिथं मासे शिजतात तिथलं पाणीसुद्धा नको, म्हणून राहण्यापुरता शिधा घेऊन आलेली. दुसऱ्या दिवशी मात्र "मला बी बघू दे" म्हणून होडीत चढली. पदर खोचून, फळी घट्ट धरून मधोमध बसली. खडकाशी पोचेपर्यंत तिनं डोळे उघडले नाहीत.

होडीवाल्या काकांनी पिंजरा ओढला. आत दोन हेकरू आणि एक मोठी तांबोशी होती, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी. तिच्या पाठीवर हिरवं शेवाळ धरलेलं काहीतरी लोंबत होतं. मी नखानं शेवाळ खरवडलं. खाली पिवळा टॅग.

"तीच का गं?" अव्वा अर्धवट उठली. होडी डुलली.

मी फोनमधल्या नोंदींशी नंबर ताडून पाहिला. ती नव्हती. पण हीसुद्धा खाडीतलीच होती. आपल्या तांबोशीच्याही आधी मीच सोडलेली, तेव्हा वितीएवढीही नसलेली. तांबोश्या खाडीत लहानाच्या मोठ्या होतात आणि मग बाहेरच्या खडकांकडे निघतात, हे मी शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण मी सोडलेलं एवढंसं पिल्लू एवढं होऊन माझ्या हातात परत आलं, तेव्हा मी नंबर पुन्हा एकदा ताडून पाहिला.

"काकी, धरतास?" काकांनी विचारलं. "आधी हात वले करा हां."

अव्वानं हात समुद्रात बुडवले. जन्मात कधी मासळीला न शिवलेल्या माझ्या आईनं ती तांबोशी मोजायच्या फळीवर दोन्ही हातांनी धरली. मासळीनं शेपटी आपटली, तिच्या तोंडावर पाणी उडालं, तरी तिनं सोडली नाही.

"गारगार हाय गं," ती एवढंच म्हणाली.

मोजून झाल्यावर तिनंच तिला पाण्यात उतरवलं. तांबोशी क्षणभर तिच्या तळहातांवर थांबली, मग निघून गेली. अव्वाचे हात मात्र पाण्यातच राहिले.

"आपली बी हिकडंच आली असंल, न्हाय?"

"येऊ शकते."

"येऊ शकते न्हवं. आली असंल."

"आली असतली, काकी," काका म्हणाले.

खोलीवर आल्यावर तिनं डोक्यावरून अंघोळ केली, लिंगपूजा केली आणि मग भाकरी खाल्ली. हाताला अजून वास येतोय म्हणाली, आणि पुन्हा एकदा हात हुंगला.

तिला पोचवायला मी सोलापूरला आले. संध्याकाळी आमची शेजारीण आली. तिच्या घरी तेलुगू बोलतात, पण अव्वाशी तिचं सोलापुरी मराठीत चालतं. समुद्र कसा हाय, असं तिनं विचारलं. समुद्राबद्दल अव्वा फारसं काही बोललीच नाही. तिनं मासळीचं सांगायला घेतलं, कशी धरली, कशी उसळली. लांबी दाखवताना तिच्या दोन हातांमधलं अंतर बरंच वाढलेलं होतं. स्वयंपाकघरात चहा गाळताना मला ते दिसत होतं.

"आन् आमची दुसरी हाय एक," ती म्हणाली. "ती तर हिच्यापेक्षा खोल पाण्यात गेलीय."

"कुणी बघितली?"

"कुणी न्हाय."

मी चहा घेऊन बाहेर आले, तशी शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्या हातात कप दिला आणि बशी शोधायला आत गेले.