प्रधानजींचं एक वाक्य

तंजावरात मराठी न येणारा माणूस आजवर जन्मलेलाच नाही, असं माझ्या काकांचं ठाम मत होतं आणि अख्खं गाव तमिळ बोलत असताना ते त्यांनी एकट्यानं टिकवून धरलं होतं. फुलवालीशी मराठी, पोस्टमनशी मराठी, देवळातल्या हत्तीशीही मराठी. पापनाशमच्या बसमध्ये चढले की कंडक्टरला म्हणायचे, "गुडघे दुखतात हो, बसायला जागा होईल का?" तो पुढे बोट दाखवून म्हणायचा, "मुन्नाडि पोंगो, सार!" काका पुढे जाऊन बसायचे आणि मला कोपर मारायचे. "बघितलंस? किती स्वच्छ मराठी!" हत्तीबद्दलही त्यांचं मत चांगलं होतं. तो ऐकून घेतो, म्हणायचे.

घरी त्यांचा मुलगा, मी, माझी मुलगी, आम्ही सगळे त्यांना तमिळमध्ये उत्तर द्यायचो. मराठी कळायची, पण जिभेवर तमिळ आधी यायची. काकांनी कधी तक्रार केली नाही. "पोरं लाजाळू आहेत," एवढंच म्हणायचे. ते लाजणं नव्हतं, आळस होता, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दरवर्षी ते एक शोकांतिका लिहून बसवायचे. राजा अर्थातच तेच. नटांना देवनागरी वाचता येत नसे, म्हणून मराठी संवाद तमिळ अक्षरांत उतरवून द्यायचे. तालमीत त्यांचं व्याख्यान ठरलेलं. "शोकांतिकेतला राजा वेडा नसतो रे. राज्य गेलं हे सगळ्यांच्या आधी त्यालाच कळतं. पण सकाळी उठून तोंड धुवायला बळ यावं, तर कसला तरी मुकुट लागतो की नाही?" हे बोलताना त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर बहुधा ओला पंचा असायचा.

मग घरोघरी केबल आली. काकांचा मुलगा कॉम्प्युटरच्या नोकरीला बंगळूरला गेला, पाठोपाठ निम्मे नटही गेले, आणि प्रधानाची भूमिका माझ्या गळ्यात पडली. त्या नाटकातला राजा राज्य गमावल्यावर अरण्यात झाडांपुढे दरबार भरवतो. माझं महत्त्वाचं वाक्य एकच होतं: "महाराज, ही झाडं आहेत." प्रयोगाच्या हॉलमध्ये आदल्या दिवशी लग्न झालं होतं. तिथले उरलेले केळीचे खांब हेच आमचं अरण्य. इतकं मंगल अरण्य कुठल्याच राजाच्या नशिबी आलं नसेल.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत चार म्हातारे आणि मागे सगळ्या रिकाम्या खुर्च्या. काका मुकुट सावरत पुढे आले. केळींकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. खुर्च्यांवरून हात फिरवून विचारलं, "प्रधानजी, दरबार भरला ना?"

मी म्हटलं, "भरलाय, महाराज."

काकांनी मुकुट पुन्हा सावरला. मग एवढ्या रुबाबात सिंहासनावर बसले की त्या चार म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे माझे काका, असं ओरडून सांगावंसं मला तेव्हा वाटलं. कधी सांगितलं मात्र नाही.

नंतर खोबरेल तेलानं रंग पुसता पुसता ते कडाडले, "माझं नाटक बुडवलंस!"

"काका, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी..."

"अरे, झाडं आहेत हे राजाला ठाऊकच असतं. प्रधानानं ते सांगायचं. तेव्हाच तर ऐकलं नाही असं करता येतं त्याला. तूच नाही सांगितलंस तर तो एकटाच पडला की रे!"

आता काका नाहीत. परवा मुलीला घेऊन तिरुवैयारुच्या बसमध्ये चढलो आणि तोंडातून आपसूक निघालं, "गुडघे दुखतात हो, बसायला जागा होईल का?" कंडक्टरनं पुढे बोट दाखवलं. "मुन्नाडि पोंगो, सार!"

"किती स्वच्छ मराठी," मी म्हटलं.

जन्मात मला तमिळशिवाय उत्तर न दिलेली माझी मुलगी कानाशी हळूच मराठीत म्हणाली, "अप्पा, त्यांना मराठी येत नाही."

मी ऐकलंच नाही असं केलं आणि खिडकीबाहेर भाताच्या शेतांकडे पाहत राहिलो.