फेट्याबरोबर गेलेला टोप

हसायचं नाही, असं आधी कबूल करा. आणि चहाचा घोट तोंडात असेल तर गिळून घ्या. हा किस्सा जिथं जिथं सांगितला, तिथं कुणी ना कुणी माझ्याच शर्टावर चहा उडवलाय.

तर मी प्रमोद. कराडजवळ आमचा ऊस आहे आणि बाजारात ठिबकच्या पाइपांचं दुकान. अंगानं धडधाकट, व्यसन विचाराल तर एवढा हा चहा. सगळं देवानं दिलं, फक्त डोक्यावरचं तेवढं लवकर परत नेलं. पंचविशीत केस जायला लागले आणि तिशीत पार मोकळं रान!

तुम्ही म्हणाल, बापयाच्या डोक्याकडं कोण बघतंय? बघतात राव! ज्यांना पोरगी द्यायची असते ते दुसरीकडं कुठं बघतच नाहीत. ऊस किती, विहिरीला पाणी किती, सगळं विचारून झालं की नजर हळूच वर जाते. तिथंच थांबते. मग "कळवतो" म्हणून पाहुण्यांची गाडी जी सुटते ती पुन्हा आमच्या रस्त्याला लागत नाही. "पोरगं लाखात एक हाय, पण..." एवढं बोलून माणसं गप्प व्हायची. पुढचं सगळ्यांना दिसतच होतं.

खोटं कशाला सांगू, आत कुठंतरी लागायचं. लग्न जमत नाही म्हणून आई उपास धरायची, आणि तिच्या उपासाचं कारण माझ्या डोक्यावर उन्हात चमकायचं.

शेवटी केसांचा टोप घ्यायला सांगली गाठली. दुकान कसलं, दवाखानाच! पांढरे कोट, एसी, काचेचे दरवाजे. मी आपला सरळ म्हणालो, "टोप दाखवा."

तिथला माणूस असा दचकला, जणू मी त्याच्या आजीचं नाव घेतलं.

"सर, टोप नाही म्हणायचं. विगसुद्धा नाही. हेअर सिस्टिम."

"बरं बाबा, सिस्टिम दाखवा."

आतून पातळ जाळी, कडेनं दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, आणि वर असे काळेभोर केस, की माझ्या कॉलेजच्या दिवसांतही तसे नव्हते. "पोहा, पळा, बुलेटवरून गोव्याला जा. हलणार नाही," तो म्हणाला. "फक्त डोकं कोरडं पाहिजे. तेलाचा थेंब चालणार नाही." शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही. मी आरशात होतो.

सिस्टिम घालून गावात आलो आणि काय सांगू, आपल्या लोकांची सभ्यता मला त्या दिवशी कळली! बुलेटला नवा टायर घातला तरी चौघं थांबून "कितीला बसला रं?" विचारणारी ही माणसं. माझ्या डोक्यावर एका दिवसात जंगल उगवलं, तर कुणाला काहीच दिसलं नाही! दुकानात गिऱ्हाईक माझ्या खांद्याशी बोलायचं, गल्ल्याशी बोलायचं, भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलायचं. मी कुणाच्या घरी गेलो की पंखा बारीक व्हायचा. बुलेटवर निघालो की मागून हाक यायची, "सावकाश जा रं, वारं हाय!"

आणि मी? मी म्हणायचो, बघा, कुणाला पत्ताच लागला नाही!

अशात माझ्या चुलत बहिणीचं, पूजाचं लग्न ठरलं. कार्यालय सांगलीला. मामांनी आईच्या कानात सांगितलं, "लग्नाला मिरजंचं आप्पासाहेब येणार हायत. पोरगी स्वाती, दवाखान्यात लॅबमधी कामाला. पम्याला नीट नटवून आणा. बघण्याचा कारेक्रम न्हाई, अगदी सहज भेट." सहज भेट! त्या सहज भेटीसाठी आईनं नवस बोलला, मामांनी इस्त्रीवाला घरी बोलावला आणि मी दोन वेळा दाढी केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद. आमच्याकडं नवरीला लावून उरलेली हळद बिनलग्नाच्या पोरांना फासतात, म्हणजे त्यांचंही लवकर जमतं म्हणे. सिस्टिम मी आधीच काढून पिशवीत ठेवली होती, ते बरं केलं. घरच्याच बायका होत्या. चुलत्या, मावश्या, आत्या, सगळ्यांना माझ्या लग्नाची एवढी घाई, की कुणी हळद लावतंय, कुणी तेल ओततंय! आईनं तर वाटीभर तेल टाळूवर घालून अर्धा तास मुरवलं.

"आई, पुरे की गं!"

"गप बस. डोस्कं थंड ऱ्हायलं म्हंजी तोंडातनं वेडंवाकडं जात न्हाई."

सकाळी अंघोळ केली, पंचानं डोकं खसाखसा पुसलं, टेप दाबून बसवली. तेल काय, पंचानं जातंय होय? पण घाईत कोण बघतो!

कार्यालयात पोचलो. आता आमच्या भागात लग्नात एखादा जेवायचा राहिला तर एक वेळ चालतं. पण मायकवर नाव पुकारून फेटा बांधायचा राहिला, तर तीन पिढ्या बोलणं बंद. त्यामुळं फेट्यांचा नुसता पूर आला होता. सगळे एकाच रंगाचे, गुलाबी. मी नवरीचा भाऊ, माझा पहिला मान. फेटेवाल्यानं डोक्यावर हात ठेवला, जरा थांबला, आणि कॅलेंडर नव्हतं म्हणून छताकडं बघत फेटा बांधून टाकला. बघा, परगावचा माणूस, पण संस्कार तेच!

मग आप्पासाहेब आले. धिप्पाड माणूस, मिशा भरघोस, आणि डोकं माझ्याहून गुळगुळीत. त्यांनाही मानाचा फेटा बांधला. मागं त्यांच्या मिसेस आणि स्वाती. सावळी, चष्मा, ओठांच्या कोपऱ्यात अडकून राहिलेलं हसू. मला ती बघताक्षणी आवडली. अगदी मनापासून आवडली. वाटलं, हे जमलं नाही तर आता दुसरीकडं बघायलाच नको.

"दुकान कसं चाललंय?" आप्पांनी विचारलं.

"झकास चाललंय जी."

"फोटोत बघितलं तुमाला. रुबाबदार हाय पोरगं," असं म्हणून ते मामांकडं वळले. "न्हाईतर आमच्या डोस्क्याचं बघा! तरणेपणीच ग्येलं. पोरीची आई अजून टोमणे मारती."

मला त्यांची चक्क कीव आली. म्हटलं, बिचारे!

जेवणं झाली. मे महिना, आणि सांगलीचा उकाडा. फेट्याखाली तेल, तेलावर घाम, घामावर सिस्टिम. मी बेसिनपाशी गेलो, फेटा दोन्ही हातांनी उचलून कट्ट्यावर ठेवला आणि साबण लावून तोंड धुवायला लागलो. काय गार वाटलं म्हणता! डोक्याला असं वारं कितीतरी दिवसांत लागलं नव्हतं. शेजारी कुणीतरी कट्ट्यावर काहीतरी ठेवलं, हात धुतले, खाकरलं, गेलं. माझे डोळे साबणानं मिटलेले.

डोळे उघडले. आरशात मी. नुसता मी! सिस्टिम गायब!

कट्ट्यावर फेटा होता. झडप घालून आत बघितलं. रिकामा. आणि आत पट्टी वेगळी! हा माझा फेटाच नाही! शेजारी हात धुणाऱ्यानं माझा नेला होता, आतल्या मालासकट.

आहे तो फेटा डोक्यावर ओढला आणि बाहेर पळालो. म्हटलं, कुणी आत बघायच्या आधी गाठू.

कसलं गाठतोय! स्टेजवर फोटो चालले होते. नवरा-नवरीशेजारी आप्पासाहेब उभे, आणि सारखं कपाळ खाजवतायत.

"आज डोस्क्याला काय गुदगुल्या होत्यात रं?" असं म्हणून त्यांनी फेटा काढला.

फेटा आला. सिस्टिम नाही आली.

त्यांच्या डोक्याला तेल नव्हतं ना! कोरडं ठणठणीत. दुकानवाला खोटं बोलला नव्हता. अशी घट्ट बसली होती, की भांगसुद्धा मोडला नव्हता.

त्यांच्या मिसेसनी हातातली पानाची पुडी खाली सोडली. "अगं बाई! अहो... हे काय?"

आप्पांनी डोक्याला हात लावला. ओढून बघितलं. "आई गं!" मागून हसण्याचा असा लोंढा आला, की आचारी चुलाण सोडून बघायला आले.

आप्पा लालबुंद. "कुणी माझी टिंगल केली? चारचौघांत टक्कल दाखवून दिलं व्हय रं माझं? कुणाचा हाय ह्यो टोप?"

आता गंमत बघा. निम्मं कार्यालय आमच्या गावचं. कुणाचा टोप, हे निम्म्या कार्यालयाला पक्कं ठाऊक! पण सभ्यता! कुणी बुटांकडं बघतंय, कुणी मंडपाची झालर मोजतंय. आईनं पदर तोंडात कोंबला होता. एकानं तोंड उघडलं नाही. आणि मला वाटलं, वाचलो! कुणाला ठाऊकच नाही!

बरं, गप बसावं की नाही? पण मला सासरा खूश करायचा होता. मी ऐटीत स्टेजवर चढलो. "आप्पा, तुम्ही शांत बसा. ज्यानं हा आचरटपणा केला, त्याला मी आत्ता हुडकतो!"

आणि मायक घेतला. "एक केसांचा टोप सापडलेला आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून स्टेजपाशी येऊन घेऊन जावा."

कोण येतंय?

"असं न्हाई," आप्पा गरजले. "फेटं अदलाबदल झाल्यात. ज्याच्या फेट्याखाली टक्कल, त्योच चोर. फेटं काढाय लावा सगळ्यांस्नी!"

आता आली का पंचाईत! पण मायक हातात, आप्पा शेजारी, स्वाती समोर. काय करता? म्हणालो, "सगळ्या मानकऱ्यांनी... कृपया... फेटे काढावेत."

आणि काढले हो! लग्नात ऐन मानाचे फेटे, चुलत्यांनी काढले, मामांनी काढले, नवरदेवानंसुद्धा काढला. पांढरी, काळी, मेंदी लावलेली डोकी उघडी झाली. सगळी केसांची. टकलं एकच होतं, त्याच्यावर माझे केस होते.

मी उगाच लांब बघत होतो. तेवढ्यात पहिल्या रांगेतून शांत आवाज आला.

"तुमचा राहिला."

स्वाती! अख्ख्या कार्यालयात तेवढ्या एकीला सभ्यता नव्हती.

फेटा काढला. काय करणार? मायक चालूच होता, त्यामुळं माझं "आप्पा, तो माझा हाय" हे वाक्य कार्यालयाबाहेर पार्किंगपर्यंत ऐकू गेलं. घुमूनसुद्धा आलं. "अदलाबदल चुकून झाली. टिंगल न्हाई केली, देवाशप्पथ. टकलापायी स्थळं परत जायची. लाज वाटत हुती, म्हणून घातला."

आप्पा बाह्या सारत माझ्याकडं आले. मी म्हटलं, आता कानाखाली बसणार. जमत आलेलं सगळं गेलं.

तेवढ्यात त्यांच्या मिसेस स्टेजवर आल्या. नवऱ्याभोवती एक चक्कर मारली. कपाळावरची एक बट नीट केली. आणि एकदम लाजल्या!

"अहो... राहू दे की. बरं दिसतंय."

आप्पांनी मोबाइल काढला, कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं. डावीकडनं बघितलं, उजवीकडनं बघितलं. मिशीवर हात फिरवला. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "पावणं, हे अंघुळीला काढावं लागतं का?"

स्वातीशी बोलायला मला मंडपामागं पाच मिनिटं दिली. मी मान खाली घालून उभा.

"टक्कल लपवलंत, ते एक वेळ समजलं," ती म्हणाली. "आमच्या घरात काही नवीन नाही ते. पण दुसऱ्याला चोर ठरवायला मायक घेतलात, त्याचं काय?"

"चुकलं. तुमच्यापुढं शहाणपणा करायला गेलो."

"जमला नाही."

"व्हय. दिसलंच सगळ्यांना."

तेव्हा ते कोपऱ्यातलं हसू सुटलं. "माझी एकच अट आहे. आपल्या लग्नात अक्षता पडेपर्यंत फेटा. त्यापुढं उघडं डोकं. पुन्हा काही चिकटवायचं नाही."

आपल्या लग्नात! अहो, ती डोकं उतरवून मागती तरी दिलं असतं.

सिस्टिम मात्र परत मिळाली नाही. मी मागितली नाही, त्यांनी दिली नाही. आप्पा आता दर महिन्याला सांगलीला जाऊन टेप बदलून येतात, आणि कुणी टोप म्हटलं तर दचकतात.

दिवाळीनंतर आमचं लग्न झालं. अक्षता पडल्या, ठरल्याप्रमाणं फेटा उतरवला, आणि आम्ही स्टेजवर उभे राहिलो. मध्ये स्वाती. एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला सासरे, नवा सूट, डोळ्यांवर बट, मिशीला कलप. मामा फौजेत होते तेव्हाचे त्यांच्या पलटणीतले एक रिटायर सुभेदार भेटायला आले. आम्हाला कुणालाच ओळखत नव्हते ते. सरळ सासऱ्यांपुढं गेले, कडक सॅल्यूट ठोकला, गुलाबाचं फूल हातात दिलं. "खुश रहो, जवान! जोडा लय भारी हाय!"

सासऱ्यांनी फूल घेतलं हो! वर लाजले.

मग सुभेदार माझ्याकडं वळले. माझे दोन्ही हात हातात घेतले, डोक्याकडं एकदा बघितलं आणि मायेनं म्हणाले, "पावणं, आता पोरीची काळजी सोडा. जावई लय देखणा मिळाला तुमाला."