दोऱ्याचा लगाम

पागेत तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. लिदीसारखे ते रोज पडतात. बहुतेक मी झाडून टाकले. हे एवढे राहिले.

आमच्या बेटावर व्हाकोआ गावाच्या वरच्या अंगाला एका साखर कारखानदाराची पागा होती. बेटाला स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मी तिथे घोडे शिकवायचो. शर्यतीचे नव्हेत, ड्रेसाजचे. म्हणजे घोड्यानं स्वाराच्या बारीक खुणेवर तोलून चालायचं. शाळा मी तिसरीत सोडली. घोडे मला वाचता यायचे.

तिथे खुंटीवर एक दुहेरी लगाम असे. त्यात घोड्याच्या तोंडात एकाऐवजी दोन कडियाळी जातात, हनुवटीखाली लोखंडी साखळी येते. कच्च्या हातात दिला तर घोड्याचं तोंड सोलून निघतं. स्वारी शिकायला येणारा प्रत्येक जण आधी तोच बघायचा आणि विचारायचा, हा कधी? माझं आमच्या क्रिओल बोलीतलं उत्तर एका शब्दाचं. "पांकोर." अजून नाही. पोरं मला तोंतों पांकोर म्हणू लागली, अजून-नाही काका. म्हणू देत.

*

एक बडे सरकारी साहेब पहिल्याच दिवशी दुहेरी लगाम मागू लागले. मासिकातल्या फोटोत स्वाराच्या हातात तोच होता म्हणे. मी म्हणालो, फोटोतल्या स्वाराच्या डोक्यावर उंच काळी टोपीही आहे, आधी ती आणा.

पुढच्या आठवड्यात साहेब टोपी घेऊन हजर!

महिन्याभरात त्यांनी घोडा सोडला. टोपी पागेत राहिली. मांजरी दोनदा तिच्यात व्याली.

*

सांगून सांगून तोंड दुखलं, तेव्हा मी एक परीक्षा काढली. लगामाची वादी दोन्ही बाजूंनी कडियाळ्याला बकलानं न अडकवता शिवणाच्या एकेरी दोऱ्यानं बांधायची. मग स्वारानं कुंपणाच्या आत चाल, दुडकी, सगळी वळणं करायची. दोरा टिकला तर घोडा स्वतःच्या तोलावर चालतोय आणि स्वाराचा हात हलका आहे. त्यानंतर दुहेरी लगाम. तोही आधी नुसत्या चालीवर, दुसरी वादी सैल सोडून.

दोरा बायकोच्या मशिनीचा. तिसरं रीळ संपलं तेव्हा ती म्हणाली, "लोकांचे नवरे बटणाला दोरा मागतात. तुम्ही काय घोडा शिवताय?"

*

एका डॉक्टरांनी एका सकाळी नऊ दोरे तोडले. दोष दोऱ्याचा, असं त्यांचं मत. पुढच्या खेपेला त्यांनी माएबूर्गच्या कोळ्याकडून गळाचा तंगूस आणला आणि माझी पाठ वळल्यावर तोच बांधला.

तंगूस काही तुटेना. त्यांनी जोरानं ओढलं, घोड्यानं त्याहून जोरानं मान खाली घातली आणि डॉक्टर मानेवरून मातीत आले.

आमचा मोतद्दार गोविंद सें पिएर गावचा. तो फाटकाजवळूनच म्हणाला, "दादा, मासा लागला."

*

हा पुढचा हसायचा नाही.

पेर्ल नावाची पांढरी घोडी होती. वय पाच, शिक्षण अर्धं. मालकांकडे पाहुणे येणार होते. मालकांना आम्ही मिस्ये म्हणायचो. मिस्ये म्हणाले, रविवारी मी हिला दुहेरी लगामात दाखवणार. मी एकदा पांकोर म्हणालो. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. घरी तीन मुलं होती. लगाम मी माझ्या हातानं चढवला.

रविवारी संध्याकाळी तिच्या फेसात रक्त होतं. त्यानंतर लगाम दिसला की ती मान छपराला लावायची. माझ्या हातून ऊस खायला तिनं आठ महिने घेतले.  

*

मिस्येंची मुलगी क्लेर पेर्लला घेऊन दीड वर्ष राबली. एका कडियाळ्यावर, माझ्या हाताखाली. मिस्येंचा धीर सुटला. डिसेंबरच्या आत घोडी दुहेरी लगामात आली नाही तर तिला हॉटेलात धाडणार, समुद्रावर पाहुणे फिरवायला, असं त्यांनी सांगून टाकलं. डिसेंबर उजाडला. पहिल्याच शनिवारी हॉटेलचा ट्रक फाटकात उभा राहिला.

 क्लेरनं दोरा बांधून घेतला आणि ती घोडीवर बसली. चाल, दुडकी, सगळी वळणं. उतरली तेव्हा दोरा जसाच्या तसा होता.

मिस्ये म्हणाले, झालं तर मग, लगाम आण, मी बसतो.

मी खुंटीपाशी जाऊन उभा राहिलो. "मिस्ये, दोरा तिचा टिकलाय. तुमचा पांकोर."

त्या पागेत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं. गोविंदनं झाडू खाली ठेवला. मिस्येंनी हातमोजे काढले आणि दोऱ्याचाच लगाम धरून ते घोडीवर चढले. चार पावलं झाली असतील, उजवा दोरा तुटला. वादी लोंबत राहिली. पेर्ल आपणहून थांबली आणि कान मागे करून वाट पाहू लागली.

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दिला.  मिस्ये खाली न बघता म्हणाले,

"गोविंद, ट्रक रिकामा पाठव. आणि तू, दुसरा दोरा आण."